शंका पाखडून घेऊ

गेल्या काही वर्षांत काटोल-नरखेडच्या रस्त्यांनी जाताना एक बदल सहज दिसतो. संत्र्याच्या बागांच्या धुऱ्यावर सौर पंपांच्या पाट्या उभ्या राहिल्या आहेत, बाजारात आवाज न करणाऱ्या बॅटरीच्या स्कूटर फिरू लागल्या आहेत. त्यासोबत दोन प्रकारचं बोलणंही कानावर येतं. सरकारी जाहिराती सांगतात की सूर्याची वीज आली, आता सगळे प्रश्न सुटले. पानठेल्यावर ऐकू येतं की बॅटरीच्या गाड्या पेटतात, पाट्या दोन वर्षांत बंद पडतात, ऊन तर विदर्भात पूर्वीपासून आहे आणि हवामानबदल हे बाहेरच्यांचं थोतांड आहे.

या दोन्ही बोलण्यांत बाई कुठे नाही. म्हणून या अंकात या विषयावर लिहायचं ठरवलं. ऊर्जेचा प्रश्न हा इंजिनिअरांचा आणि पुरुषांचा, असं आपल्यालाही वाटत आलेलं आहे. पण सरपण गोळा करणारी, चुलीचा धूर गिळणारी, विहिरीवरून पाणी आणणारी आणि भर उन्हात वेचणी करणारी बाईच असेल, तर घरातल्या ऊर्जेचा मोठा भार तिनेच वाहिला आहे. तिला या चर्चेत बोलण्याचा अधिकार इतरांपेक्षा जास्तच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सरकारी योजनेकडे संशयाने पाहणं हे अडाणीपणाचं लक्षण नाही. १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. गावोगावी निर्धूर चुली बसवल्या गेल्या, आकडे छापून आले, आणि अनेक घरांतल्या बायांनी काही महिन्यांत त्या फोडून पुन्हा आपली जुनी चूल मांडली. तेव्हा बायकांना सुधारणा नको असते असं म्हटलं गेलं. खरं कारण वेगळं होतं. भाकरीचा तवा बसतो का, लाकूड किती बारीक फोडावं लागतं, धुराडं कोण साफ करणार, हे स्वयंपाक करणारीला कुणी विचारलंच नव्हतं. २००२ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला गेला. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, सिलिंडर बाईच्या नावावर मिळालं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण २०२२ मध्ये सिलिंडर हजाराच्या वर गेलं तेव्हा कितीतरी घरांत शेगडी फळीवर गेली आणि चूल परत पेटली. योजना दारात येणं आणि ती चुलीपर्यंत टिकणं यातलं अंतर बायांना अनुभवाने ठाऊक आहे.

एन्‍रॉनचं उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. स्वस्त आणि मुबलक विजेचं आश्वासन देऊन दाभोळचा प्रकल्प आला. त्याला विरोध केला म्हणून जून १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळी वस्तीत पोलीस घुसले, बायांना मारहाण झाली, अटका झाल्या. पुढे वीज इतकी महाग पडली की वीज मंडळाला ती घेणं परवडेना, आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. ज्यांना विकासविरोधी म्हणून हिणवलं गेलं, त्यांची शंका खरी ठरली.

तेव्हा शंका घ्यावीच. पण धान्य आपण जसं सुपात घेऊन पाखडतो, तशी शंकाही पाखडून घ्यावी लागते. फोल उडालं पाहिजे आणि दाणा हाती राहिला पाहिजे.

फोल कोणतं ते आधी पाहू. २००३-०४ च्या दुष्काळात सातारा, सांगली, धुळे भागांत एक समज पसरला की पवनचक्क्यांमुळे ढग पळून जातात आणि पाऊस पडत नाही. याला शास्त्रीय आधार नव्हता. पावसाचे ढग पवनचक्कीच्या पात्यांच्या कितीतरी वर असतात, आणि ज्या तालुक्यांत एकही पवनचक्की नव्हती तिथेही तो दुष्काळ होताच. पण हा समज लोकांना इतका पटला कसा? धुळे जिल्ह्यात साक्रीच्या डोंगरांवर आदिवासी पिढ्यान् पिढ्या ज्या वनजमिनी कसत आले, त्यातल्या जमिनी पवनचक्क्यांना दिल्या गेल्या. पठारावर रस्ते झाले, वीज तारांतून दूर गेली, खाली गावात अंधारच राहिला. रागाला जागा होतीच, तो ढगांवर निघाला. चुकीच्या कारणामागे खरं दुखणं असू शकतं. आपण कारण खोडून काढावं, पण दुखणं खोडून काढू नये.

त्याच धुळे जिल्ह्यातले विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतलं आणि २८ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची जमीन दोंडाईच्याच्या वीज प्रकल्पासाठी घेतली गेली होती, तिथे सौर वीज व्हायची होती. मोबदला तुटपुंजा होता आणि दाद मागत ते वर्षानुवर्षं फिरले होते. सूर्याची वीज स्वच्छ असते हे खरं, पण जमीन घेण्याची पद्धत जुनीच असेल तर तिचं दु:खही जुनंच राहतं.

दुसरं फोल म्हणजे ‘ऊन तर नेहमीच होतं’ हे म्हणणं. हो, होतं. पण जगाचं सरासरी तापमान कारखानदारीपूर्वीच्या काळापेक्षा एक अंशाहून अधिक वाढलं आहे, आणि २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिले आहेत. आपल्या भागाला हे आकडे वाचायची गरज नाही, बागा सांगतात. अवकाळी पाऊस, गारपीट, लांबलेला पावसाळा, फळगळ. आंबिया बहाराची फळं झाडाखाली सडताना काटोल-नरखेडच्या शेतकऱ्यांनी गेल्या काही वर्षांत वारंवार पाहिली. नुकसानभरपाईचा पंचनामा सातबारावाल्याचा होतो. पण फळच गळालं तर तोडणी, निवड आणि भराईचे जे दिवस बुडतात, त्यांत रोजीने जाणाऱ्या बायांचाही रोज बुडतो, आणि त्या बुडालेल्या रोजीचा पंचनामा कुणी करत नाही. उन्हाचं तसंच. डोक्यावर पदर घेऊन दुपारभर वाकलेल्या बाईला चक्कर आली, पाळीत जास्त गेलं, लघवीला जळजळ झाली, तर ते ‘बाईचं दुखणं’ म्हणून घरातच जिरतं. उष्माघाताच्या नोंदीत ते सहसा येत नाही.

आणि कोळसा काही निर्दोष नाही. सौर विजेची थट्टा करताना आपण हे विसरतो की नागपूरच्या कुशीत कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक केंद्रं आहेत. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या खसाळा राखबंधाऱ्याला भगदाड पडलं, राखेचं पाणी शेतांत आणि वस्त्यांत शिरलं. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या भांड्यांवर बसणारी राख पुसण्याचं काम कुणाचं, हे सांगायला नको. तरी मे २०२३ मध्ये त्याच कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच बसवण्यासाठी जनसुनावणी झाली.

आता दाण्याकडे येऊ.

बॅटरीच्या गाड्यांबद्दलची एक शंका रास्त आहे. गाडीतून धूर निघत नाही, पण तिच्या विजेचा धूर कोराडीच्या चिमणीतून निघतो. देशात वीज तयार करण्याची जेवढी क्षमता उभी आहे, तिच्यापैकी निम्मी कोळसा-गॅसशिवायची झाल्याचं सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं. हे खरं आहे. पण क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत फरक असतो. सूर्य रात्री नसतो, म्हणून वापरात येणाऱ्या विजेपैकी ७० टक्क्यांच्या आसपास वीज आजही कोळशाचीच आहे. तरीसुद्धा पेट्रोल जाळण्यापेक्षा विजेवरची गाडी तिच्या एकूण आयुष्यात कमी कार्बन सोडते, असाच बहुतेक अभ्यासांचा निष्कर्ष आहे. आगीचं म्हणाल, तर २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्या आणि त्यानंतर बॅटरीचे नियम कडक करावे लागले. शंका घेतली गेली म्हणूनच नियम बदलले.

पण आमचा मोठा प्रश्न वेगळा आहे. हे पैसे कुणाच्या प्रवासावर खर्च होतात? राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना समृद्धी महामार्गावर टोलमाफी जाहीर झाली. ज्याची मोटार घेण्याची ऐपत आहे त्याचा टोल वाचला. खेड्यातली बाई मात्र एसटीची वाट पाहते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालं आणि बाया किती प्रवास करू लागल्या हे कोणत्याही बसस्थानकावर दिसतं. दवाखाना, माहेर, कोर्ट, कॉलेज. त्याच वर्षी महामंडळाने ५१५० विजेच्या बसेस भाड्याने घेण्याचा करार केला. त्या ठरलेल्या वेळेत आल्या नाहीत. भरलेली एक बस कितीतरी स्कूटरींचं पेट्रोल वाचवते. आमच्या मते गावच्या फेरीला वेळेवर येणारी बस हे हवामानाचं सर्वांत चांगलं धोरण आहे, पण त्याला जाहिरातीत जागा नाही.

गुलाबी ई-रिक्षा योजना २०२४ मध्ये आली. दहा हजार बायांना रिक्षा, २० टक्के सरकारचे, १० टक्के तिचे, ७० टक्के बँकेचं कर्ज. बाई चालक होते, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. पण योजना मोठ्या शहरांची आहे. नागपूर त्यात आहे, काटोलसारखं तालुक्याचं गाव नाही. आणि कर्ज जर तिच्या नावावर असेल, तर रिक्षाची चावी आणि दिवसाची कमाईही तिच्याच हाती राहते का, हे पाहणारं कुणीतरी हवं.

सौर पंपांबाबत बायांचं म्हणणं एका शब्दात सांगता येत नाही. रात्रीच्या विजेवर ओलीत करणं म्हणजे साप, विंचू आणि अंधार. एकटी बाई, विशेषतः नवऱ्याने आत्महत्या केलेली विधवा, रात्री वावरात जाऊ शकत नव्हती, तिला दुसऱ्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत. दिवसा पाणी मिळणं ही तिच्यासाठी मोठीच सुटका आहे. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे आहेत. पण मागणार कोण? ज्याच्या नावे सातबारा आहे तो. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातल्या वहितीदारांत बाया जेमतेम १४ टक्के. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली त्याला पस्तीस वर्षं झाली, २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क मिळाला, आणि तरी आजही वारसाहक्काच्या नोंदीच्या वेळी बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतली जाते. नाव नसेल तर योजनेच्या अर्जाला हातही लागत नाही.

पाण्याचीही शंका आहे. वरुड, मोर्शी, नरखेड हा पट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखला जातो. विजेचं बिलच नाही म्हटल्यावर पंप दिवसभर चालेल. बागेतली बोअर खोल जाईल आणि गावातली पिण्याची विहीर आटेल. तेव्हा हंडा घेऊन लांब जाणारी बाईच असेल. सौर पंपाबरोबर ठिबक आणि पाण्याचा हिशेब आला नाही, तर एक संकट टाळताना दुसरं ओढवून घेऊ.

तिसरी गोष्ट जमिनीची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. मालकाला ते परवडेल. पण त्या वावरात निंदायला, वेचायला जाणाऱ्या बायांना पाट्यांखाली काय काम? सरकारी जमीन प्रकल्पाला नाममात्र भाड्याने मिळते. ती गावाची गायरान असेल, तर तिथे शेळ्या चारणाऱ्या, सरपण आणणाऱ्या भूमिहीन बायांचं काय, हा प्रश्न कागदावर येतच नाही.

म्हणून मैत्रिणींनो, विरोध करायचा की स्वागत, एवढ्यावर थांबू नका. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. तिथे विचारा: सौर प्रकल्पासाठी कोणती जमीन दिली, आधी ती कोण वापरत होतं? या योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी मिळणारे पाच लाख कशावर खर्च होणार? पंप बिघडला तर किती दिवसांत दुरुस्त होणार आणि कुणाकडून? पाट्या धुणं, देखभाल, राखण या कामांत गावच्या मुलींना शिकवून घेणार का? आणि पंपाचा अर्ज करताना आपल्या घरी विचारा, सातबाऱ्यावर माझं नाव कधी लागणार?

हे प्रश्न विचारले म्हणून कुणी आपल्याला सूर्याच्या विरोधात ठरवील, कुणी कंपन्यांची माणसं म्हणेल. ठरवू दे. तापलेल्या वावरात आपणच उभ्या आहोत, म्हणून उपाय हवाच आहे. तो आपल्याला विचारून झाला पाहिजे, एवढंच मागणं आहे.

तुमच्या गावात सौर पंप, प्रकल्प, बॅटरीची गाडी किंवा गुलाबी रिक्षा आली असेल, तर अनुभव लिहून पाठवा. चांगले आणि वाईट, दोन्ही. लिहिता येत नसेल तर कुणाकडून लिहवून घ्या. पुढच्या अंकात त्यांना जागा राखून ठेवली आहे.

— संपादक मंडळासाठी, काटोल