पन्नास रुपयांत सुटणारे क्रौर्य

ऊसतोडणीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर झेपेल त्याहून जास्त ऊस लादलेल्या बैलगाड्या दिसतात. चढावर बैल गुडघे टेकतो आणि पाठीवर चाबूक पडतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या कलम 11 नुसार हा गुन्हा आहे. पहिल्या वेळची शिक्षा किती? 10 ते 50 रुपये दंड! शिवाय गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपासही करता येत नाही.

त्याच बैलाची कत्तल केली तर मात्र 2015 पासून महाराष्ट्रात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे जनावराला किती वेदना झाल्या, हा आपल्या कायद्यापुढचा प्रश्नच नाही.

जल्लिकट्टू प्रकरणात 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा वाढवण्याची गरज संसदेला सांगितली. 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा आणला. अमानुष क्रौर्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात होती. पण मसुदा मसुदाच राहिला.

कायदा कडक झाला की तो आपल्यावरच उगारला जाईल, अशी भीती मुस्लिम समाजाला वाटते. गोरक्षणाच्या नावाखाली माणसे मारली गेलेल्या देशात ही भीती खोटी म्हणता येणार नाही. परंतु त्यावरचा उपाय कायदा दुबळा ठेवणे हा नव्हे. 1960 च्या कायद्यातील कलम 28 धार्मिक पद्धतीने केलेल्या जबीहाला संरक्षण देते. ते कायम राहावे. मात्र हे संरक्षण जनावर मारण्याच्या पद्धतीपुरते आहे. बकरी ईदच्या आधी टेम्पोत बकरे कोंबून, पाण्याविना दूरवरून आणणे त्यात बसत नाही. आणि ते इस्लाममध्येही बसत नाही.

मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. जबीहाच्या वेळी सुरीला धार लावा, जनावराला त्रास देऊ नका, अशीही त्यांची ताकीद आहे.

म्हणून ही मागणी आपण स्वतः पुढे होऊन करावी. दंड आणि कैद वाढवा, गंभीर क्रौर्य दखलपात्र करा. त्याच कायद्यात हेही लिहा की तपासणीचा अधिकार फक्त पोलीस आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना असेल, रस्त्यात गाड्या अडवणाऱ्या जमावाला नाही. जनावराची वेदना मोजणारा कायदा मालकाचे नाव आणि धर्म विचारणार नाही. असा कायदा झाला तर त्याची भीती बाळगण्याचे कारण आपल्याला उरणार नाही.