भांड्याकुंड्यांचा पंचनामा

घरातील जुन्या वस्तूंविषयीची माया हा मराठी ललितलेखनाचा फार जुना विषय आहे. आजीचा पानाचा डबा, आजोबांची काठी, कान तुटलेला कप, माळ्यावर धूळ खात पडलेला पाळणा यांवर लिहिले गेलेले लघुनिबंध एकत्र केले तर एक कपाट सहज भरेल. अलीकडे याच वस्तू घराबाहेर कशा काढाव्यात याचेही शास्त्र निघाले आहे. जपानमधील मारी कोन्डो यांचे घर आवरण्यावरील पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले आणि थोड्याच वर्षांत जगभर पोहोचले. वस्तू हातात घ्यावी, तिच्यामुळे मन प्रसन्न होते की नाही ते पाहावे, होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यावा, असा त्यातला विधी. मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांतून आता तो भक्तिभावाने पाळला जातो. त्यात वावगे काही नाही. चार माणसांच्या घरात चाळीस पेले असतील तर त्यांतले तीस गेल्याने कोणाचे बिघडत नाही. मात्र जुन्या वस्तूचे हळवेपण काय आणि तिला हसतमुखाने निरोप देणे काय, दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. वस्तू ठेवायची की सोडायची, हे ठरविण्याचा अधिकार घरच्या माणसाकडे आहे, ही ती गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यासारख्या ठिकाणी हे गृहीतकच टिकत नाही.

मुलचेऱ्याच्या परिसरात गोंड आणि माडिया आहेत, तेलुगू आणि मराठी बोलणारे आहेत, आणि सुंदरनगर, विवेकानंदपूर अशा नावांच्या गावांतून बंगाली बोलणारी हजारो कुटुंबे आहेत. ही कुटुंबे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची. त्यांत नामशूद्र समाजाची, म्हणजे जातीने आणि जमिनीने मुळातच खाली दाबलेल्या शेतकऱ्या-कोळ्यांची संख्या मोठी. विशेषतः १९६४ च्या दंगलींनंतर लोंढे वाढले. त्यांतल्या अनेकांना प्रथम रायपूरजवळच्या माना छावणीत ठेवण्यात आले आणि पुढे तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात वसविण्यात आले. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली.

या माणसांच्या सामानाविषयी दोन सरकारांनी एक करार केला होता, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. ८ एप्रिल १९५० रोजी दिल्लीत झालेल्या नेहरू-लियाकत करारात असे स्पष्ट कलम आहे की, स्थलांतर करणाऱ्याला आपली वापरातील चीजवस्तू आणि घरगुती सामान हवे तेवढे बरोबर नेता येईल, अंगावरचे दागिनेही नेता येतील. रोख रक्कम मात्र प्रौढ माणसामागे १५० रुपये आणि मुलामागे ७५ रुपये यांहून अधिक नेता येणार नाही. कागदावर याहून उदार कलम दुसरे सापडणे कठीण. प्रत्यक्षात नदी ओलांडून, रात्री चालून, झडत्या आणि लूटमार यांतून वाट काढून येणारा माणूस ‘हवे तेवढे’ म्हणजे किती आणणार? दोन हातांत मावेल आणि डोक्यावर पेलेल तेवढे. एका हातात मूल असले की त्यातलेही निम्मे.

तेव्हा काय आणले जाते आणि काय मागे राहते, हे मायेवर ठरत नाही, वजनावर ठरते. काशाची थाळी येते, कारण ती गाठोड्यात बसते आणि अडीअडचणीला विकता येते. लक्ष्मीच्या पूजेचा घट येतो. हातातल्या शंखाच्या बांगड्या हातातच येतात. बोंटी, म्हणजे आपल्याकडची विळीच, पण मोठा मासा उभ्या पात्यावर कापण्याच्या बेताची, ती आली तर येते. मसाला वाटायचा पाटा येत नाही. भात कांडायची ढेंकी येत नाही. येतो तो कांथा: जुन्या साड्यांचे पदर एकावर एक घालून, त्यांच्याच काठांच्या दोऱ्यांनी शिवलेली गोधडी. मराठी संतांच्या बोलण्यातील जोग्याची कंथा आणि हा कांथा एकाच संस्कृत शब्दाची लेकरे आहेत. खांद्यावरच्या एका पांघरुणात घर मावते, असा या शब्दाचा अर्थ निर्वासितांनी न वाचताच सिद्ध केला.

यांतल्या काहींच्या नशिबी हा प्रकार दोनदा आला. १९७८ साली दंडकारण्यातील वसाहतींतून आणि माना छावणीतून हजारो निर्वासित सुंदरबनातील मरीचझांपी बेटाकडे निघाले, तेव्हा कसाबसा मांडलेला दुसरा संसार त्यांनी मिळेल त्या भावाने विकला. १९७९ च्या मे महिन्यात सरकारने ते बेट बळाने रिकामे केले आणि उरलेल्यांची पुन्हा मागे पाठवणी केली. हे डाव्या म्हणविणाऱ्या राजवटीत घडले, हेही नोंदवून ठेवलेले बरे.

आता दुसरी बाजू. निर्वासितांच्या वसाहती ज्या जागी बसविल्या गेल्या ती जागा ओसाड नव्हती. तेथे जंगल होते, आणि त्या जंगलावर गोंड-माडियांचा संसार चालत होता. या संसारातील वस्तू संख्येने थोड्या आणि बहुतेक घरच्या घरी घडविलेल्या: वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा, बांबूच्या टोपल्या आणि सुपे, पानांचे द्रोण, मुसळ. तुंब्यातले पाणी उन्हातही गार राहते. आज त्याची जागा प्लास्टिकच्या बाटलीने घेतली आहे आणि ती टाकायची कोठे, हा जंगलापुढचा नवा प्रश्न झाला आहे. मृताच्या वापरातल्या वस्तू त्याच्या स्मृतिस्थळी ठेवून देण्याची रीत माडियांत होती. वस्तूला मालकाबरोबर निरोप देणारा हा समाज वस्तूंना चिकटून बसणारा खचित नाही. टोपली दोन-चार पावसाळ्यांत झिजते, मग दुसरी विणली जाते. एका टोपलीसाठी कोणी डोळ्यांतून पाणी काढत नाही.

पण याचा अर्थ माडियाला माया नाही असा करणे ही मोठी फसगत होईल. त्याची माया एका टोपलीवर नसते, ज्या बेटातून टोपलीचा बांबू येतो त्या बेटावर असते. ते बेट गेले की पुढच्या शंभर वर्षांच्या टोपल्या एकदम जातात. आणि हे बेट कितीतरी वर्षे त्याचे नव्हतेच. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाड ठरविले होते. कागद गिरण्यांसाठी तो सवलतीच्या दराने तुटत राहिला आणि घरच्या सुपासाठी काठी तोडणाऱ्याला मात्र वनरक्षकाचा धाक बाळगावा लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ साली आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतःच्या हाती घेतले. मूळ कायद्यातील दुरुस्तीसाठी २०१७ साल उजाडावे लागले. टोपलीविषयीच्या मायेचे ललितनिबंध झाले नाहीत. तिचा लढा झाला, आणि तेच योग्य झाले.

भांड्यांवरची बायकांची माया हा तर थट्टेचा विषय. बोहारणीशी एका पातेल्यासाठी घासाघीस करणारी बाई नाटक-सिनेमांत हमखास हशा पिकविते. या मायेच्या मुळाशी कोणी जात नाही. जमिनीच्या सात-बाऱ्यावर जिचे नाव नाही, घर ज्याच्या नावावर आहे तो उद्या बाहेर काढील अशी जिला भीती, तिची म्हणता येईल अशी मालमत्ता कोणती? माहेराहून आलेली भांडी आणि अंगावरचे चार मणी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. वडिलार्जित मालमत्तेत मुलीला जन्माने भागीदारी मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशात २००५ साल उजाडले. अनुसूचित जमातींना तर हा कायदा लागूच नाही. तेव्हा पितळी हंड्यावर आपले नाव घालून घेणारी बाई हळवी नव्हती, हिशेबी होती. तिच्या नावाचा दस्तऐवज तेवढाच होता. आणि दुष्काळ आला, आजारपण आले की सावकाराकडे प्रथम जात असे तो हाच दस्तऐवज.

ही गोष्ट इंग्रजांच्या कायद्याला कळली होती, हे आश्चर्य. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम आजही लागू आहे. कर्ज कितीही असो, ऋणकोचे व त्याच्या बायकामुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे यांवर जप्ती आणता येत नाही, असे ते सांगते. सावकाराच्या हुकूमनाम्यापुढे पातेले सुरक्षित आहे. सरकारच्या भूसंपादनापुढे मात्र त्याला असे संरक्षण नाही, कारण तेथे पातेल्यावर जप्ती येतच नाही. पातेले ज्या चुलीवर चढते ती चूलच जाते.

१८९४ च्या भूसंपादन कायद्यात सक्तीने जमीन घेतल्याबद्दल बाजारभावावर १५ टक्के दिलासा रक्कम होती. १९८४ साली ती ३० टक्के झाली आणि २०१३ च्या नव्या कायद्यात १०० टक्के. प्रगती झाली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ही टक्केवारी काढायची ती जमीन, इमारत, झाडे, उभे पीक यांच्या किमतीवर. नव्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत घर हलविण्यासाठी, म्हणजे कुटुंब, घरबांधणीचे सामान, चीजवस्तू आणि गुरेढोरे नेण्यासाठी, एकरकमी ५० हजार रुपये ठरविले आहेत. ही रक्कम वाहतुकीची आहे. जे वाहून नेता येत नाही त्याचे काय, हे अनुसूची सांगत नाही. पूर्व विदर्भातील धानाच्या घरात उखळ जमिनीत पुरलेले असते. कायद्याच्या भाषेत ते जमिनीला जडलेले आहे; म्हणून त्याचे मूल्यांकन व्हायला हवे. मूल्यांकन करणारा कोणता अधिकारी वाकून त्या उखळाकडे पाहील?

कोणी म्हणेल, उखळ आणि जाते गेले ते चांगलेच झाले. म्हणणे खरे आहे. पहाटे उठून दळणाऱ्या बाईच्या खांद्याला पिठाच्या गिरणीने जी विश्रांती दिली ती कोणत्याही समाजसुधारकाच्या भाषणाने दिली नव्हती. जात्याबरोबर ओव्याही गेल्या हे दुःख मोठे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखावर ओव्या टिपल्या म्हणून त्या उरल्या. तरीही ओवीसाठी बाईने जाते ओढीत राहावे, असे म्हणण्याचा अधिकार न दळणाऱ्याला नाही. येथे भेद स्पष्ट ठेवावा लागतो. बाईने गिरणी आली म्हणून जाते कोपऱ्यात सरकविले, तर ती सुटली. गावच उठले म्हणून जाते तेथेच टाकून आली, तर ती लुटली गेली. दोन्ही प्रसंगी जाते मागेच राहिले, एवढेच साम्य.

वस्तूवरची माया सार्वजनिक कशी होते याचे चांगले उदाहरण पुण्यात आहे. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी अशा वीस हजारांहून अधिक वस्तू आयुष्यभर जमविल्या. बालपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाची स्मृती म्हणून संग्रहालयाला त्याचे नाव दिले आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. एका बापाचे दुःख सर्वांच्या मालकीचे झाले. याच्या उलट टोक २००९ सालच्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कला दिसले. गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ, थाळी आणि वाटी यांचा लिलाव झाला आणि विजय मल्ल्या या मद्य उद्योजकाने १८ लाख डॉलर देऊन त्या वस्तू घेतल्या. अपरिग्रहाच्या थाळीवाटीची ही बाजारातली किंमत. निर्वासिताच्या काशाच्या थाळीला मोडीचा भाव मिळतो, तोही वजनात काही कापून.

गडचिरोलीत आज पुन्हा जमिनी मोजल्या जात आहेत. शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिज निघते, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहिला आहे, आणि खनिजामागून रस्ते येतातच. उद्या यातला एखादा रस्ता मुलचेऱ्याच्या अंगणात आला, तर तेथे तिसऱ्यांदा गाठोडे बांधणारी बंगाली म्हातारी आणि पहिल्यांदा बांधणारी माडिया बाई शेजारी शेजारी उभ्या असतील. त्या वेळी पंचनाम्यात काय लिहिले जाईल हे आधीच ठरवून घेतले पाहिजे. घरातील वस्तूंची यादी घरच्या बाईने सांगावी आणि तलाठ्याने ती तशीच उतरवून घ्यावी. यादीवर तिचीच सही किंवा अंगठा असावा, आणि ज्या वस्तू नेता येत नाहीत त्यांची नवी मांडणी नव्या घरात करून मिळाल्याशिवाय जुने घर पाडू नये. बांबूचे बेट, मोहाचे झाड आणि मासळीचा तलाव ही घरगुती सामानाचीच कोठारे आहेत, म्हणून त्यांची नोंद ग्रामसभेसमोर व्हावी. धान कापून मळून होईपर्यंत कोणाला हलवू नये. यांतल्या कोणत्याही मागणीला मोठा निधी लागत नाही. पुरलेले उखळ काढायला एक पहार आणि दोन माणसे लागतात, काम अर्ध्या दिवसाचे आहे. नोटिशीच्या मुदतीत तेवढा अर्धा दिवस धरलेला असावा.