जुनी काचपेटी: ठेवावी की परत द्यावी?

मोहोळ तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "मागच्या पावसाळ्यात धाकट्या मुलीला डेंग्यू झाला. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात असे शाळेत गुरुजींनी सांगितले, तेव्हापासून थोरल्याने मासे पाळण्याचा हट्ट धरला आहे. दिरांनी सोलापुरातून भंगारवाल्याकडची माशांची जुनी काचपेटी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. सासूबाई म्हणतात, घरात रांगते मूल आहे, काच नको. मालक म्हणतात, पैसे दिलेत, आता वापरा. पेटी चांगली की वाईट हे ओळखावे कसे?"

पत्र वाचून आमच्याच घरची गोष्ट आठवली. मुलगा लहान असताना मीही अशीच जुनी पेटी आणली. बाहेर पाणी भरून पाहायचे सोडून थेट घरात मांडली. तिसऱ्या रात्री सांधा सुटला आणि शेजारी ठेवलेले हरभऱ्याचे पोते भिजले. बियाण्याला औषध लावलेले नव्हते एवढेच नशीब. हरभऱ्याला मोड आले. आमच्या सौ. आठ दिवस उसळ करीत होत्या आणि येईल त्याला कारण सांगत होत्या! दुसऱ्यांना बीजपरीक्षा शिकवणाऱ्या माणसाने पेटीची परीक्षा केली नव्हती. म्हणून ताई, हे उत्तर अनुभवाचे आहे.

पहिली परीक्षा, पेटीत पूर्वी काय होते? ही सर्वांत महत्त्वाची, कारण हा दोष डोळ्यांना दिसत नाही. कोणी तिच्यात फवारणीचे औषध कालवले असेल किंवा औषधाचे डबे ठेवले असतील, तर ती माशांसाठी कायमची बाद. सायपरमेथ्रिनसारख्या औषधाचा अगदी थोडा अंशही माशांना मारतो. डाळिंबावरच्या बोर्डो मिश्रणात आपण मोरचूद वापरतो. तेच मोरचूद माशांच्या रोगावर औषध म्हणूनही घालतात. त्यातले तांबे काचेवरच्या क्षारांत धरून राहते, म्हणून क्षारांचा थर पूर्ण निघाल्याशिवाय मासे सोडू नयेत. पेटीला औषधाचा वास येत असेल तर धुण्याचे कष्टही घेऊ नका. आणि माशांची जुनी पेटी पिण्याचे पाणी, धान्य किंवा लोणचे यांसाठी कधीही वापरू नये.

दुसरी परीक्षा काचेची. काठावरून आणि कोपऱ्यांतून कापसाचा बोळा फिरवावा, उघडे बोट नव्हे. कापूस अडकला तर तेथे टवका किंवा तडा आहे. तळाला अथवा बाजूला तडा असेल तर पेटी परत द्या. चिकटपट्टी लावून तडा थांबत नाही.

काचेची जाडीही पाहावी. पाण्याचा दाब उंचीप्रमाणे वाढतो. दोन फूट लांबीच्या पेटीत एक फूट पाणी असेल तर पुढच्या काचेवर सुमारे २७ किलोचा भार येतो. तेच पाणी दीड फूट केले तर भार ६१ किलोपर्यंत जातो. उंची दीडपट, भार सव्वादोनपट! आपल्या पेटीची काच ५ मिलिमीटरची असेल तर एक फुटाच्या वर पाणी भरू नका.

तिसरी परीक्षा सांध्यांची. काचा जोडणारे सिलिकॉन रबरासारखे लवचिक असावे. नखाने त्याची कड उचलली गेली, ते पांढरे पडले असेल किंवा आत बुडबुडे दिसत असतील, तर सांधा म्हातारा झाला. गळते तेवढ्याच जागी ठिगळ लावणे व्यर्थ आहे, कारण नवे सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. आतले सगळे खरवडून नव्याने भरावे लागते. नवे सिलिकॉन बुरशीनाशक नसलेले घ्यावे आणि त्याचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर थांबावे. दोन काचांच्या मधला मूळ जोडच सुटला असेल तर मात्र त्या खर्चात नवी पेटी पाहावी. लोखंडी चौकटीच्या फार जुन्या पेट्यांत काचा पुट्टीने बसवीत आणि काही पुट्टीत शिशाचा शेंदूर असे. ती मुलांना खरवडू देऊ नका.

तिन्ही परीक्षा पार पडल्यावर धुणे. साबण किंवा कपड्याची पावडर अजिबात नको. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे क्षार लिंबाच्या रसाने सुटतात. हट्टी डाग जाड्या मिठाने घासावेत. निर्जंतुक करायचेच असेल तर टीसीएल पावडरीचे सौम्य पाणी वापरावे, पण आधीचे लिंबू पूर्ण धुऊन काढल्यानंतरच. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू निघतो. शेवटी चार-पाच पाण्यांनी धुऊन पेटी वाळवावी.

चौथी परीक्षा पाण्याची, आणि ती घराबाहेर. अंगणात सावलीला सपाट फरशीवर थर्माकोलचा तक्ता घालून पेटी ठेवा. सांध्यांखाली वर्तमानपत्र पसरा आणि मुलांना दूर ठेवा. पाव पेटी भरून तासभर थांबा, मग अर्धी, मग पाऊण, असे जेवढे पाणी पुढे ठेवायचे तेवढे भरा. दोन दिवस आणि दोन रात्री तशीच राहू द्या. आपल्याकडच्या उन्हात पाणी उडूनही जाते, म्हणून पाण्याच्या रेघेपेक्षा ओल्या कागदावर भरवसा ठेवा. नंतर रबरी नळीने पाणी काढूनच पेटी उचला. भरलेली उचलली की सांधे तुटतात.

आता सासूबाईंचे म्हणणे. ते मला पटते. एक फूट पाणी भरले तरी सुमारे ५७ लिटर, म्हणजे अर्ध्या क्विंटलहून अधिक वजन होते. डुगडुगते टेबल ते पेलणार नाही आणि रांगते मूल टेबलाचा पाय धरूनच उभे राहते. पेटी भिंतीत पक्क्या केलेल्या मांडणीवर बसवता येत असेल तरच घरात घ्या. नाहीतर मूल मोठे होईपर्यंत ती कोरडीच, उंचावर ठेवून द्या.

मुलाची मात्र निराशा करू नका. डेंग्यूचा डास काचपेटीत नव्हे, आपण साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हौद आणि बॅरल भरलेले असतातच. गप्पी मासे तेथे हवेत. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारले तर मिळू शकतात. मादी जिवंत पिले देते, त्यामुळे थोड्या माशांपासून पुष्कळ होतात. टीसीएल घातलेले पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच मासे सोडा. ओढ्यात, तळ्यात किंवा भीमेत मात्र सोडू नका. हा परदेशी मासा आहे, तेथील देशी जिवांना त्रास देतो. पिण्याची आणि रोजच्या वापराची भांडी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून कोरडी करावीत, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.

तेव्हा ताई, आजच भंगारवाल्याला विचारून घ्या, पेटी कोणाकडून आली आणि तिच्यात काय होते. उत्तर सरळ मिळाले नाही तर पेटी परत द्या. दिलेले पैसे बुडाले तरी चालतील. थोरल्याला हौदापाशी न्या आणि अळ्या कशा नाहीशा होतात ते त्याला तेथेच पाहू द्या.