विश्लेषण : गर्दी कमी करून गर्दी परत येईल? चेल्टनम महोत्सवातील बदल चाहत्यांना पटणार का?

अडथळ्यांवरून उड्या मारत धावणाऱ्या घोड्यांची जगातील सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा म्हणजे इंग्लंडमधील चेल्टनम महोत्सव. यंदा तो १० ते १३ मार्चदरम्यान होत आहे. मात्र चर्चा घोड्यांपेक्षा प्रेक्षकांची जास्त आहे. तीन वर्षांत जवळपास ६२ हजार प्रेक्षक कमी झाले. त्यामुळे आयोजकांनी रोजच्या गर्दीवरील मर्यादा आणखी खाली आणली, बिअरचा दर उतरवला आणि एका दिवसाचे जुने नाव परत आणले. त्याआधी शर्यतींच्या कार्यक्रमालाही कात्री लागली होती. हे बदल नेमके कोणते? त्यातील कोणता खरा आणि कोणता वरवरचा?

चेल्टनम महोत्सव काय आहे?

मुंबईत महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर होणाऱ्या शर्यती सपाट मैदानावरच्या असतात. ‘जम्प रेसिंग’मध्ये घोड्याला वाटेतील अडथळे ओलांडावे लागतात. लहान, हलक्या अडथळ्यांच्या शर्यतीला ‘हर्डल’ म्हणतात, तर मोठ्या आणि भक्कम अडथळ्यांच्या शर्यतीला ‘चेस’. वेगाइतकीच दमाची आणि अचूक उडीची परीक्षा इथे होते. त्यामुळे शेवटच्या अडथळ्यापर्यंत काहीही घडू शकते.

ग्लॉस्टरशायरमधील चेल्टनमजवळच्या प्रेस्टबरी पार्क या रेसकोर्सवर दर मार्चमध्ये मंगळवार ते शुक्रवार असा हा महोत्सव भरतो. चार दिवसांत २८ शर्यती होतात. मंगळवारी ‘चॅम्पियन हर्डल’ आणि शुक्रवारी ‘गोल्ड कप’ हे त्यातील मुख्य आकर्षण. सुमारे ५.३ किलोमीटर अंतर आणि २२ अडथळे असलेला गोल्ड कप चेस म्हणून १९२४ पासून धावला जातो. २०२२ मध्ये रेचल ब्लॅकमोर ही तो जिंकणारी पहिली महिला जॉकी ठरली. भारतीय वेळेनुसार पहिली शर्यत संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू होते. म्हणजे ऑफिस सुटल्यावर मोबाइलवर पाहता येईल असा हा खेळ आहे.

प्रेक्षक किती घटले?

करोनानंतरच्या पहिल्या खुल्या महोत्सवात, म्हणजे २०२२ मध्ये, चार दिवसांत मिळून २ लाख ८० हजार ६२७ प्रेक्षक आले. तो विक्रम होता. २०२३ मध्ये हा आकडा २ लाख ४० हजार ६०३ वर आला, २०२४ मध्ये २ लाख २९ हजार ९९९ वर आणि २०२५ मध्ये २ लाख १८ हजार ८३९ वर. म्हणजे तीन वर्षांत २२ टक्के घट.

२०२२ ची गर्दी ही दोन वर्षे घरात बसलेल्या लोकांची होती, त्यामुळे त्याच्याशी तुलना थोडी अन्यायाची आहे हे खरे. पण त्यानंतरही घसरण थांबलेली नाही आणि सर्वांत मोठा फटका बुधवारला बसला आहे. २०२२ मध्ये बुधवारी ६४ हजार ४३१ जण आले होते. २०२५ मध्ये आले फक्त ४१ हजार ९४९. तीनपैकी एकाहून जास्त प्रेक्षक त्या दिवशी गायब झाला.

हा प्रश्न फक्त रेसकोर्सचा नाही. ग्लॉस्टरशायर विद्यापीठाच्या अभ्यासानुसार २०२२ च्या महोत्सवाने स्थानिक अर्थव्यवस्थेला सुमारे २७.४ कोटी पौंडांचा हातभार लावला होता. हॉटेले, पब, टॅक्सीवाले, घरातील खोल्या भाड्याने देणारे असे सगळे गाव या चार दिवसांवर कमावते.

लोक का येत नाहीत?

पहिले कारण सरळ आहे, खर्च. प्रवेशाचे तिकीट, महोत्सवाच्या आठवड्यात चढणारे हॉटेलांचे दर, प्रवास आणि खाणेपिणे यांची बेरीज चार दिवसांसाठी मोठी होते. त्यामुळे काही वर्षांपासून एक गमतीशीर प्रवाह रुजला आहे. ब्रिटिश चाहत्यांचे गट मार्चमध्ये स्पेनमधील बेनिडॉर्म या समुद्रकिनाऱ्यावरील शहरात जातात आणि तिथल्या पबमध्ये बसून टीव्हीवर चेल्टनम पाहतात. विमानाचे तिकीट, खोली आणि बिअर मिळूनही हिशेब स्वस्तात बसतो, वर ऊनही मिळते. घरची जत्रा परदेशातून पाहणे परवडते, तेव्हा जत्रा भरवणाऱ्याने विचार करायला हवा.

दुसरे कारण गैरसोय. जास्तीत जास्त तिकिटे विकण्याच्या वर्षांत बारसमोर रांगा, स्वच्छतागृहासमोर रांगा आणि परतताना चिखलात रुतलेल्या गाड्या, असा अनुभव अनेकांनी घेतला. तिसरे कारण मैदानावरचे आहे. त्याकडे पुढे येऊ.

यंदा काय बदलले?

रेसकोर्सचे मुख्य कार्यकारी अधिकारी गाय लॅव्हेंडर यांनी २०२५ च्या सुरुवातीला सूत्रे घेतली. त्याआधी ते क्रिकेटची पंढरी असलेल्या लॉर्ड्सच्या एमसीसीमध्ये याच पदावर होते. त्यांच्या काळात जाहीर झालेले तीन बदल सर्वाधिक गाजले.

एक, रोजच्या प्रेक्षकांची कमाल मर्यादा ६८ हजार ५०० वरून ६६ हजारांवर आणली. दोन, गिनेस बिअरच्या एका पिंटचा दर ७.८० पौंडांवरून ७.५० पौंड केला. तीन, बुधवारचे ‘स्टाइल वेन्सडे’ हे नाव टाकून ‘लेडीज डे’ हे जुने नाव परत आणले.

गर्दीच्या मर्यादेचा फायदा कोणाला?

इथे थोडे गणित करू. २०२५ मध्ये मंगळवारी ५५ हजार ४९८, बुधवारी ४१ हजार ९४९, गुरुवारी ५३ हजार ३६६ आणि शुक्रवारी ६८ हजार २६ प्रेक्षक होते. यंदाची ६६ हजारांची मर्यादा त्या वर्षी लावली असती, तर चारपैकी तीन दिवस तिचा काहीच परिणाम झाला नसता. फक्त गोल्ड कपच्या शुक्रवारी २ हजार २६ लोक कमी झाले असते.

म्हणजे मर्यादेमुळे शुक्रवारचा प्रेक्षक थोडा मोकळा श्वास घेईल. ती सुधारणा चांगलीच आहे. पण रिकाम्या बुधवारवर तो उपाय नाही. बुधवारी ६६ हजारांच्या हिशेबाने जेमतेम ६४ टक्के जागा भरल्या होत्या. तिथे प्रश्न गर्दीचा नसून ओढीचा आहे.

पिंटचेही तसेच. ३० पेन्स म्हणजे चार टक्क्यांहून कमी सवलत. दिवसभरात चार पिंट घेणाऱ्याचे सव्वा पौंडाच्या आसपास वाचतात. हॉटेलच्या बिलासमोर ही रक्कम किरकोळ आहे. तरीही तिला अर्थ आहे, कारण वर्षानुवर्षे फक्त वर जाणारा दर पहिल्यांदा खाली आला. ‘तुमची तक्रार आम्ही ऐकली’ असे सांगण्याची ती पद्धत आहे. चाहता ते समजून घेईल, पण तेवढ्यावर तिकीट काढणार नाही.

शर्यती वाढल्या, लढती कमी झाल्या?

आता तिसऱ्या कारणाकडे. २००४ पर्यंत हा महोत्सव तीन दिवसांचा होता आणि त्यात २० शर्यती होत्या. २००५ मध्ये चौथा दिवस आला. पुढे एकेक शर्यत वाढत गेली. २००५ मध्ये मध्यम अंतराची ‘रायनएअर चेस’, २००८ मध्ये घोड्यांच्या माद्यांसाठी ‘मेअर्स हर्डल’, २०११ मध्ये नवख्या घोड्यांसाठी मध्यम अंतराची आणखी एक चेस, २०२१ मध्ये ‘मेअर्स चेस’. पाचव्या दिवसाचाही विचार झाला होता, पण तो सोडून देण्यात आला.

तिकीट विक्री आणि सट्ट्याची उलाढाल या दृष्टीने जास्त शर्यती म्हणजे जास्त कमाई. चाहत्याच्या दृष्टीने मात्र उलटे घडले. पर्याय वाढले, तसे मालक आणि प्रशिक्षक आपला उत्तम घोडा दुसऱ्या उत्तम घोड्यासमोर उतरवण्याऐवजी सोप्या शर्यतीत उतरवू लागले. सर्वोत्तम घोडे एकमेकांना टाळू शकले, तर महोत्सव कशासाठी?

२०२५ चा मंगळवार याचे नेमके उदाहरण आहे. लॉसीमाउथ ही नावाजलेली घोडी खुल्या चॅम्पियन हर्डलमध्ये धावेल अशी आशा होती. प्रशिक्षक विली मलिन्स यांनी तिला त्याच दिवशीच्या मेअर्स हर्डलमध्ये उतरवले. तिने ती शर्यत सलग दुसऱ्या वर्षी जिंकली. दुसरीकडे गोल्डन एस या घोडीच्या मालकाने कठीण वाट निवडली आणि तिला चॅम्पियन हर्डलमध्ये धाडले. तिच्यावर २५ ला १ असा भाव होता. शर्यतीत आधी कॉन्स्टिट्यूशन हिल पडला, मग शेवटच्या अडथळ्यावर आघाडीवरचा स्टेट मॅन पडला आणि गोल्डन एस जिंकली. त्या महोत्सवातील सर्वाधिक आठवणारी शर्यत कोणती, असे विचारले तर बहुतेक चाहते हीच सांगतील.

मेअर्स शर्यतींची दुसरी बाजूही आहे. त्यांच्यामुळे मालक माद्यांना जास्त वर्षे धावू देतात आणि पैदास करणाऱ्यांना माद्यांची चांगली किंमत मिळते. त्यामुळे त्या सरसकट बंद करा, ही मागणी योग्य नाही. पण प्रत्येक नव्या शर्यतीची किंमत जुन्या मोठ्या शर्यतीने चुकवली, हे नाकारता येत नाही.

कार्यक्रमाला कात्री कुठे लागली?

म्हणूनच २०२५ च्या महोत्सवापासून लागू झालेले बदल पिंटच्या दरापेक्षा महत्त्वाचे आहेत. नवख्यांसाठीची मध्यम अंतराची सर्वोच्च श्रेणीची, म्हणजे ‘ग्रेड वन’ चेस रद्द झाली. तिच्या जागी ‘हँडिकॅप’ शर्यत आली. हँडिकॅपमध्ये सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवतात, म्हणजे सगळ्यांना संधी मिळते. यामागचा हेतू असा की, उत्तम नवख्या घोड्यांनी आता एक तर दोन मैलांच्या किंवा तीन मैलांच्या शर्यतीत एकमेकांना भिडावे. मधली पळवाट बंद झाली.

शेतातून जावे तशा वळणावळणाच्या मार्गावरची क्रॉस कंट्री चेसही हँडिकॅप झाली. १८६० मध्ये सुरू झालेली ‘नॅशनल हंट चेस’ आजवर हौशी घोडेस्वारांची होती. तीही हँडिकॅप झाली आणि व्यावसायिक जॉकींना खुली झाली. हा शेवटचा बदल जुन्या चाहत्यांना बोचला. हौशी स्वाराला महोत्सवात मिरवण्याची संधी कमी होणे, हे नुकसानच आहे.

आयर्लंडचे वर्चस्व कसे मोडणार?

लढतीची आणखी एक अडचण आहे, ती ब्रिटन विरुद्ध आयर्लंड या सामन्याची. २०१९ मध्ये दोन्ही देशांत प्रशिक्षित घोड्यांनी प्रत्येकी १४ शर्यती जिंकल्या होत्या. २०२१ मध्ये आयर्लंडने २३-५ अशी बाजी मारली. २०२५ मध्ये २०-८. त्यातील दहा विजय एकट्या मलिन्स यांचे होते. २०२४ मध्ये महोत्सवातील विजयांचे शतक गाठणारे ते पहिले प्रशिक्षक ठरले.

हा त्यांचा दोष नाही. ते सर्वोत्तम आहेत. पण एकाच तबेल्यात इतके उत्तम घोडे असतील, तर त्यांना वेगवेगळ्या शर्यतींत वाटून देणे तिथल्या प्रशिक्षकासाठी शहाणपणाचे ठरते. म्हणजे शर्यतींची संख्या आणि एकाच तबेल्याचे वर्चस्व या दोन समस्या एकमेकींना खतपाणी घालतात. शर्यती कमी केल्या, तर निदान हे घोडे आपापसात तरी भिडतील.

सुरक्षेचे काय?

या खेळावरचा सर्वांत गंभीर प्रश्न प्राण्यांच्या जिवाचा आहे. २०१८ च्या महोत्सवात सहा घोडे दगावले. त्यानंतर ब्रिटनच्या नियामक संस्थेने चौकशी करून १७ शिफारशी केल्या. अडथळ्यांवरील नारिंगी खुणांच्या जागी पांढऱ्या खुणा आल्या, कारण घोड्याला नारिंगी रंग हिरव्यापासून नीट वेगळा दिसत नाही, हे एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधनातून पुढे आले होते. लिव्हरपूलच्या ग्रँड नॅशनलमध्येही २०२४ पासून घोड्यांची कमाल संख्या ४० वरून ३४ वर आली.

धोका स्वारांनाही आहे. आयर्लंडचा २४ वर्षांचा जॉकी मायकल ओ’सुलिव्हन याचा फेब्रुवारी २०२५ मध्ये शर्यतीतील अपघातानंतर मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात महोत्सवाच्या पहिल्या शर्यतीला त्याचे नाव देण्यात आले. सुरक्षेमुळे खेळातील थरार कमी होतो, अशी कुरकुर काही जण करतात. पण जीव वाचवणारा बदल हा चाहत्याने मोजून मापून स्वीकारायचा नसतो.

चाहत्यांनी काय पाहावे?

गेली वीस वर्षे ‘आणखी दिवस, आणखी शर्यती, आणखी माणसे’ हेच या महोत्सवाचे सूत्र होते. आता पहिल्यांदाच आयोजक ‘कमी’ हा शब्द उच्चारत आहेत. प्रेक्षक मर्यादा कमी, पिंटचा दर कमी, ग्रेड वन शर्यत एक कमी. यांतील पहिले दोन निर्णय सोपे आहेत. तिसऱ्या दिशेने आणखी पुढे जाणे कठीण आहे, कारण प्रत्येक शर्यतीमागे प्रायोजक, मालक आणि सट्टेबाजांचे हितसंबंध आहेत.

यंदा चार दिवसांच्या एकूण गर्दीचा आकडा थोडा वर गेला, तरी तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. बुधवार किती भरला आणि मोठ्या शर्यतींत बिनीचे किती घोडे समोरासमोर आले, हे दोन निकष जास्त बोलके आहेत. स्वस्त पिंट प्रेक्षकाला एकदा आणेल. लॉसीमाउथ आणि गोल्डन एस एकाच शर्यतीत धावणार असतील, तर तो बेनिडॉर्मचे तिकीट रद्द करून येईल.