पंखा कोणाच्या खोलींत?

नवा पंखा आणला कीं तो दिवाणखान्यांत लागतो आणि तेथील जुना, कुरकुरणारा पंखा आजींच्या खोलींत जातो. टाळगांव चिखलींत शेतांच्या जागीं बहुमजली घरें उभीं राहिलीं, तरी ही रीत कांहीं सुटत नाहीं. वाचकभगिनींनो, थोडा हिशेब करून पाहा.

साधा पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो. नवा बीएलडीसी जातीचा सुमारें ३०. दिवाणखान्यांत तो रोज दोन तास फिरला, तर महिन्यास तीन युनिटही वांचत नाहींत. आजींच्या खोलींत सोळा तास फिरला, तर एकवीसांहून अधिक वांचतात. शिवाय अशा पंख्यास बहुधा रिमोट असतो. रात्रीं वारा कमी करावयास त्यांना उठावें लागत नाहीं.

दहा-बारा फुटी खोलीस १,२०० मिलिमीटरचा पंखा पुरतो. पातीं जमिनीपासून आठ फूट उंच असावींत. खांद्यावरच्या मुलाचा हात वर जातो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जाबचतीच्या ताऱ्यांची चिठ्ठी सक्तीची झाली आहे. रंग पाहण्यापूर्वीं ती वाचावी.

पंखा हवा थंड करीत नाहीं. अंगावरचा घाम वाळवून गारवा देतो. रिकाम्या दिवाणखान्यांतला वारा कोणाच्या कामाचा?