मनोरा झोपवा, पण गाव नको!

मोबाईलच्या मनोऱ्यांचा वीजवापर हा इंजिनियर मंडळींचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काही कार्यकर्ते विचारतात. आम्हाला हे मान्य नाही. रेशन दुकानातल्या यंत्राला रेंज मिळाली नाही, तर अंगठा जुळत नाही. बाई रिकामी पिशवी घेऊन घरी जाते आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते.

मोबाईल नेटवर्कला लागणाऱ्या विजेचा मोठा वाटा मनोऱ्यांवरील यंत्रणा खाते. कोणी बोलत नसले तरी ती वीज ओढतच राहते. म्हणून रिकाम्या वेळी यंत्रणा झोपवायची, हा नव्या आराखड्यांमागील एक प्रमुख विचार आहे. तो योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की झोपवायचे कोणाला?

७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोचतात. रेंज त्यांच्यावर टिकते. वरच्या फ्रिक्वेन्सी गर्दीच्या वेळी जादा डेटा वाहून नेतात. मध्यरात्री हा वरचा थर झोपला तर कोणाचे फारसे अडत नाही. खालचा थर मात्र जागाच राहिला पाहिजे. रात्री बाळंतिणीसाठी १०८ ला फोन लावणाऱ्या घराला बचतीचे गणित सांगून चालणार नाही. जिथे एकच मनोरा आणि एकच थर आहे, तिथे बचत दुसरीकडून करावी. एसी न लागणारी, उघड्यावर चालणारी यंत्रे बसवावीत. डिझेल जनरेटरऐवजी सौर पॅनेल आणि चांगल्या बॅटऱ्या द्याव्यात.

दूरसंचार विभागाने २०१२ साली यासाठी उद्दिष्टे ठरवली होती. ग्रामीण भागातील ५० टक्के व शहरी भागातील २० टक्के मनोरे २०१५ पर्यंत अपारंपरिक ऊर्जेची जोड देऊन चालवायचे होते. २०२० पर्यंत हेच प्रमाण ७५ आणि ३३ टक्क्यांवर न्यायचे होते. दोन्ही मुदती उलटून गेल्या आहेत. आता गाववार हिशेब मागितला पाहिजे.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे श्रमखात्याबरोबर विजेचाही कारभार होता. विजेचा प्रश्न त्यांनी देशाच्या दारिद्र्याशी जोडला. तोच धागा धरून आमची मागणी आहे: वीज वाचवताना गावाची मूळ रेंज बंद करता येणार नाही, अशी स्पष्ट अट परवान्यात घाला. मनोरा किती तास बंद राहिला, याची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. बचत जरूर व्हावी. ती गरिबाच्या वाट्यातून होऊ नये.