शहाणपण कशाला म्हणावे?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या उपदेश म्हणून सांगितली जाते. रस्त्यात अपघात झालेला असतो, जखमी माणूस विव्हळत असतो, तरुण मुलगा थांबू पाहतो, आणि वडीलधारे त्याला दटावतात, "शहाणा असशील तर नसत्या भानगडीत पडू नकोस." अशा वेळी शहाणपणाचा अर्थ अंग चोरणे एवढाच उरतो.

हा त्या शब्दावर अन्याय आहे. ज्याला खरे शहाणपण म्हणावे, त्याला परंपरेने 'विवेक' हे नाव दिले. वेगळे करणे, निवडणे असा अर्थ असलेल्या 'विच्' धातूपासून तो शब्द सिद्ध झाला. साध्य कोणते आणि साधन कोणते, सावधपणा कोठे संपतो आणि भय कोठे सुरू होते, याची निवड म्हणजे विवेक.

१६६५ च्या जूनमध्ये शिवछत्रपतींनी मिर्झाराजे जयसिंगांशी पुरंदरचा तह केला. तेवीस किल्ले द्यावे लागले, बारा उरले. वरवर पाहणाऱ्याला ती शरणागती वाटेल. परंतु महाराजांनी किल्ले दिले, स्वराज्याचा संकल्प दिला नाही. १६६६ मध्ये आग्र्याहून सुटून आल्यावर मिळालेला अवधी त्यांनी राज्याची घडी बसविण्यात लावला आणि १६७० मध्ये कोंढाणा, पुरंदर असे एकेक किल्ले परत घेतले. माघार विवेकाची होती की भीतीची, याचा निवाडा त्या माघारीनंतर काय केले यावरून होतो. भित्रा माणूसही सबुरीचीच भाषा बोलतो. फरक इतकाच, की त्याच्या सबुरीला पुढचे पाऊल नसते.

हीच कसोटी त्या अपघातस्थळी लावावी. पोलीस-कोर्टाचा ससेमिरा ही भीती एके काळी निराधार नव्हती. मात्र २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात '१३४-अ' हे कलम आले. सद्भावनेने मदत करताना नकळत चूक झाली, तरी मदतकर्त्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. कारण सरले, तरी सबब तेवढी शिल्लक राहिली आहे!

विवेक म्हणजे आंधळे धाडसही नव्हे. मानेला वा पाठीला इजा झाल्याची शंका असेल, तर जखमीला ओढून उचलू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, गर्दी हटवावी, ती येईपर्यंत त्याच्यापाशी थांबावे. सावधपणा येथेही आहे, पण तो जखमीच्या जिवासाठी आहे, स्वतःच्या सोयीसाठी नव्हे.

मुलांना शहाणपण अवश्य शिकवावे. मात्र शिकविण्यापूर्वी त्या शब्दाआड आपण भय तर लपवीत नाही ना, हे प्रत्येक घराने तपासून पाहावे.